गालावरचे पांढरे चट्टे

शाळकरी मुलांच्या गालांवर, कपाळावर किंवा ओठांच्या कडेला फिकट, कोरडे, गोलसर चट्टे उठतात. त्यांचा आकार अर्ध्या सेंटिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंत असतो. कडा रेखीव नसते. फिकट रंग हळूहळू आजूबाजूच्या रंगात मिसळतो. बोट फिरवले तर चट्टा किंचित खरखरीत लागतो आणि नखाने हलकेच खरवडला तर बारीक कोंडा निघतो. एका वेळी दोन-चार चट्टे असतात, कधी वीसपर्यंतही जातात. चेहऱ्याखालोखाल दंड, खांदे आणि मान या त्यांच्या जागा. खाज नसते, असलीच तर जेमतेम. मुलाला त्यांचा काही त्रास नसतो. चट्टे पहिल्यांदा दिसतात ते आईला किंवा आजीला, वेणी घालताना किंवा अंगणातल्या उन्हात. आणि दिसले की घरातले निदान बहुधा ठरलेले असते: ‘पोटात जंत झालेत’ किंवा ‘कॅल्शियम कमी पडतंय’. तिसरी शंका कुणी मोठ्याने बोलत नाही. ती कोडाची असते.

त्वचारोगतज्ज्ञ या विकाराला ‘पिटिरियासिस आल्बा’ म्हणतात. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एक टॉवेल वापरल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो पसरत नाही. तो मुख्यतः तीन ते सोळा वर्षे वयाच्या मुलामुलींत आढळतो. गोऱ्या मुलांतही तो होतो, पण सावळ्या त्वचेवर उठून दिसतो. म्हणून भारतात त्याची धास्ती अधिक.

चट्ट्याचा प्रवास तीन टप्प्यांत होतो. सुरुवातीला तो फिकट गुलाबी, जरासा उंच आणि कोंडा असलेला असतो. ही अवस्था बहुतेक घरांत निसटून जाते. डास चावला असेल किंवा ऊन लागले असेल म्हणून सोडून दिली जाते. काही आठवड्यांत लाली ओसरते आणि कोरडा, फिकट चट्टा राहतो. पुढे कोंडाही जातो आणि उरतो तो केवळ रंगातला फरक. हे सगळे काही महिने चालते, अनेकदा वर्षभर, कधी त्याहून जास्त. एक चट्टा बुजत आला की दुसरा उमटतो, त्यामुळे ‘गेले आणि परत आले’ ही तक्रार नेहमीची असते. वयात येता येता बहुतेक मुलांत हा प्रकार आपोआप थांबतो.

महाराष्ट्रात हे चट्टे वर्षातून दोनदा लक्ष वेधून घेतात. दिवाळीनंतर देशावर आणि विदर्भात हवा कोरडी होते, ओठ फुटतात, पोटऱ्यांवर पांढऱ्या रेषा उठतात. त्याच सुमारास गालांवरचा खरखरीतपणाही वाढतो. दुसरी वेळ मार्च ते मे. सुट्टीत मूल दिवसभर उन्हात खेळते, चेहरा रापतो, पण चट्ट्याची जागा तितकी रापत नाही. मे महिन्यात चट्टे ‘एकदम वाढले’ असे वाटते ते यामुळे. चट्टा तेवढाच असतो, बाजूची त्वचा काळवंडलेली असते.

असे का होते हे समजण्यासाठी त्वचेच्या दोन कामांकडे पाहावे लागते. पहिले काम आडोशाचे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. भिंतीत विटा रचाव्यात तशा या पेशी रचलेल्या असतात आणि मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांच्या गिलाव्याने बुजवलेल्या असतात. हा थर धड असतो तोवर आतला ओलावा आत राहतो आणि साबण, धूळ, जंतू बाहेर. काही मुलांमध्ये हे बांधकाम मुळातच कच्चे असते. 2006 साली स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाच्या प्रवृत्तीशी जोडलेले आहेत. हे प्रथिन वरच्या थराला घट्टपणा देते आणि त्याचे विघटन होऊन तयार होणारी द्रव्ये त्वचेत पाणी धरून ठेवतात. त्यात वयाची भर पडते. त्वचेला स्निग्धता देणाऱ्या तैलग्रंथी जन्मानंतर काही महिने सक्रिय असतात, मग मंदावतात आणि पुन्हा जोर धरतात त्या थेट पौगंडावस्थेत. मधली सारी वर्षे मुलाचा चेहरा मोठ्यांच्या मानाने कोरडा असतो, आणि चट्ट्यांची वर्षे हीच.

त्वचेचे दुसरे काम रंगाचे. बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या भोवतीच्या साधारण छत्तीस पेशींना मेलॅनिनचे कण पुरवते. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या त्वचेत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो कणांच्या आकारात आणि प्रमाणात. त्वचेला हलकी सूज आली की हा पुरवठा विस्कळीत होतो. चट्ट्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर सक्रिय रंगपेशी कमी आणि कण थोडे व लहान दिसतात. वरचा जाडसर, कोंडा झालेला थर उन्हालाही थोडा अटकाव करतो. पण रंगपेशी नष्ट झालेल्या नसतात. म्हणूनच चट्टा पूर्ण पांढरा पडत नाही आणि रंग परत येतो.

थोडक्यात, हा इसबाचाच एक सौम्य, जवळजवळ मुका प्रकार आहे. हनिफिन आणि राज्का या त्वचातज्ज्ञांनी 1980 साली ॲटोपिक इसबाचे निदान करण्यासाठी लक्षणांची जी यादी मांडली, तिच्यातल्या दुय्यम लक्षणांत या चट्ट्यांना जागा मिळाली. अशा मुलाच्या घरात चौकशी केली तर कुणाला दमा, कुणाला सकाळी उठल्याबरोबर शिंकांची सर, कुणाला लहानपणी कोपराच्या लवणीत इसब असे काही ना काही पुष्कळदा सापडते. मात्र ज्यांच्या घरात ॲलर्जीचा मागमूस नाही अशाही अनेक मुलांना चट्टे होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉक्टरांचा संशय स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूवर होता; त्या काळातल्या काही नावांतही त्याचा उल्लेख होता. पुढे चट्ट्यांमधून तो जिवाणू सातत्याने मिळेना, तेव्हा तो आरोप मागे पडला. बुरशीवरचा संशयही टिकला नाही. तरीही आज औषधांच्या दुकानात या चट्ट्यांसाठी पहिल्यांदा पुढे येते ती बुरशीवरची क्रीमच.

जंतांवरचा आरोप मात्र कोणत्याही शोधाने हललेला नाही. याला कारणे आहेत. जंत आणि चट्टे दोन्ही एकाच वयात होतात. मातीत खेळणाऱ्या दहा मुलांची तपासणी केली तर काहींच्या पोटात जंत आणि काहींच्या गालावर चट्टे सापडणारच, आणि दोन्ही असलेले मूल लक्षात राहते. दुसरे असे की चट्टे काही महिन्यांत आपोआप बुजतात. मधल्या काळात जंताची गोळी दिलेली असते, वावडिंगाचा काढा पाजलेला असतो, आणि श्रेय त्यांना मिळते. तिसरे, आकडीकृमीमुळे रक्त कमी होऊन मूल खरोखर पांढरेफटक दिसते. पण तो फिकेपणा साऱ्या चेहऱ्याचा, डोळ्यांच्या आतल्या कडेचा आणि नखांचा असतो. गालावर वर्तुळ काढून बसत नाही. जंतांमुळे असे चट्टे होतात हे सिद्ध झालेले नाही.

याचा अर्थ जंताची गोळी देऊ नये असा नाही. राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. शाळांत आणि अंगणवाड्यांत एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला दिली जाते. एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी. ही गोळी रक्तक्षय आणि कुपोषण टाळण्यासाठी घ्यायची असते आणि ती जरूर घ्यावी. गालावरचा चट्टा गेला नाही म्हणून दर महिन्याला घरच्या घरी पुन्हा पुन्हा देण्याची ती वस्तू नव्हे.

कॅल्शियमचेही तेच. आहारात कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडले तर हाडे बोलतात: मुडदूस होतो, पाय धनुकलीसारखे वाकतात, मनगटे जाड दिसतात. गालाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत त्वचा खरखरीत होते, पण ती कोपर, गुडघे आणि मांड्यांवर, काटेरी पुरळासारखी, आणि सोबत रातांधळेपणा असू शकतो. तीव्र कुपोषणात त्वचेचे पापुद्रे सुटतात; तेव्हा मूल सुजलेले, केस विरळ, किरकिरे असे असते आणि कुणालाही आजारी दिसते. गालावर चट्टे असलेले मूल बहुधा धडधाकट असते, पटांगणातून ओढून आणावे लागते. त्याच्यासाठी आणलेली गुलाबी टॉनिकची बाटली त्याला अपाय करत नाही, एवढेच तिच्याबद्दल म्हणता येते.

कोडाची भीती निराळी. ती आजाराची कमी आणि लोकांची जास्त असते. मुलीच्या गालावर फिकट ठिपका दिसला की घरात पहिला विचार तिच्या लग्नाचा होतो, मग मुलगी दुसरीत का असेना. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (2006) या चित्रपटाने ही भीती मराठी घराच्या दिवाणखान्यात आणून ठेवली. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना धीर देण्याचे काम करते. कोडही संसर्गजन्य नाही आणि त्याने जिवाला धोका नाही, हे आधी सांगून मगच दोन्हींतला फरक सांगावा हे बरे. नाहीतर ‘सुदैवाने कोड नाही’ असे म्हणत ज्यांना ते आहे त्यांना आपण नकळत दुखावतो.

कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा रंगपेशींनाच नष्ट करते. त्यामुळे डाग पूर्ण पांढरा असतो, कडा स्पष्ट असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, कोंडा नसतो. डोळ्यांभोवती, ओठांवर, बोटांच्या टोकांना, गुडघ्यांवर तो विशेष दिसतो. डागातले केसही कधी पांढरे होतात. शंका राहिलीच तर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वुड्स दिवा लावतात. रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने 1903 साली तयार केलेल्या काचेतून अतिनील प्रकाश येतो आणि त्यात कोडाचा डाग निळसर पांढरा झळाळून उठतो. पिटिरियासिस आल्बाचा चट्टा तसा चमकत नाही, जेमतेम फिकट दिसतो. मिनिटभराची ही तपासणी असते, वेदना शून्य. कित्येक आयांचा जीव या मिनिटानंतर भांड्यात पडतो.

शिबं हा आणखी एक सोबती. तो मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे होतो, पण जास्त करून तरुणांत, घामाच्या जागी: छाती, पाठ, मान. लहान मुलांच्या चेहऱ्यावरही तो कधी येतो. त्यातले छोटे डाग एकमेकांत मिसळून नकाशा बनतो. कोंडा काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात पाहिला तर बुरशीचे तंतू आणि गोल पेशी लगेच दिसतात. गजकर्ण ओळखायला सोपे: कडा उंच, लालसर, खाज भरपूर, मध्य मोकळा. जन्मापासून असलेला, वयाबरोबर मुलाच्या अंगाइतकाच वाढणारा, कधीही कोंडा न येणारा फिकट डाग म्हणजे जन्मखूण असते. भाजल्यावर, खरचटल्यावर किंवा गळू बरे झाल्यावर राहणारा फिकेपणाही वेगळा. त्याच्यामागे काय घडले ते घरच्यांना ठाऊक असते.

राहिला कुष्ठरोग. फिकट चट्टा पाहून तो विचारात घ्यावाच लागतो, कारण जगात दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. महाराष्ट्रातही गडचिरोली, चंद्रपूर, पालघर या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आजही सापडतात. लहान मुलात नवा रुग्ण सापडणे म्हणजे त्या वस्तीत संसर्ग अजून चालू आहे, अशी आरोग्य खात्याची धारणा असते आणि ती बरोबर आहे.

कुष्ठरोगाच्या चट्ट्याची खूण रंगात नसते, ती स्पर्शात असते. चट्टा बधिर असतो. त्याची तपासणी पाहण्यासारखी असते. डॉक्टर आधी मुलाला डोळे उघडे ठेवूनच खेळ समजावून सांगतात: कापसाची वात किंवा बॉलपेनचे टोक हाताला लागले की त्या जागेवर बोट ठेवायचे. दोन-तीनदा बरोबर जमले की डोळे मिटायला सांगतात. मग टोक कधी चांगल्या त्वचेवर, कधी चट्ट्यावर टेकवले जाते. घासायचे नसते, नुसते टेकवायचे. मधेच काहीच न टेकवता नुसते ‘आता?’ असे विचारून मूल अंदाजाने बोट ठेवते आहे का तेही पाहतात. चट्ट्यावरचा स्पर्श मुलाला कळला नाही किंवा बोट भलतीकडे गेले तर पुढची तपासणी लागते. पिटिरियासिस आल्बाच्या चट्ट्यात स्पर्श शाबूत असतो.

घरी करून पाहावी इतकी ही परीक्षा सोपी वाटते, पण चेहऱ्यावर ती फसवते. चेहऱ्याला मज्जातंतूंचा पुरवठा इतका दाट आहे की कुष्ठरोग असूनही गालावरचा स्पर्श कळू शकतो. म्हणून जाणकार डॉक्टर केवळ गाल पाहून थांबत नाहीत. सदरा काढायला लावून पाठ, दंड आणि ढुंगणापर्यंत सारे अंग पाहतात, कानामागून मानेवर उतरणारी आणि कोपराच्या मागची नस जाड झाली आहे का ते बोटांनी चाचपतात, घरात कुणाला कुष्ठरोगाचे उपचार झाले होते का हे विचारतात. निदान झालेच तर औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पुरे होतात. बहुविध औषधोपचार जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये सुचवले. भारताच्या कार्यक्रमात ते 1983 पासून आले. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन ही कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानांची नावे ज्या काळाने घडवली तो काळ औषधांनी मागे टाकला आहे. कायदा मात्र सावकाश चालला. 1898 चा कुष्ठरुग्णांविषयीचा कायदा 2016 साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण विवाहविषयक कायद्यांतून काढायला 2019 साल उजाडले.

शाळेतच ही चाळणी व्हावी अशी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातल्या पालघर येथून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा जातात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा अशी रचना आहे. तपासायच्या विकारांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब हे त्वचाविकारही आहेत. एका दिवसात शेकडो मुले पाहायची म्हटल्यावर एकेका गालावर किती वेळ थांबता येईल, हा प्रश्न उरतोच. अशा वेळी शिक्षकांची मदत मोलाची ठरते. ज्या मुलाचे चट्टे वाढत आहेत किंवा ज्याला चटका बसलेला कळत नाही, ते त्यांना वर्षभर समोर दिसत असते.

उपचारांकडे वळताना पहिली गोष्ट अशी की बहुतेक मुलांना औषध लागत नाही. लागतो तो ओलावा. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करावी. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण पाचाच्या आसपास असतो; नेहमीच्या वडीच्या साबणाचा नऊ-दहा असतो. चेहऱ्याला रोज दोन-तीनदा साबण लावणारे मूल कोरडेपणाला आमंत्रण देते. आंघोळीनंतर अंग टिपून, ते ओलसर असतानाच पांढरी पेट्रोलियम जेली, साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल चेहऱ्याला लावावे आणि दिवसातून आणखी एक-दोनदा लावावे. खोबरेल तेलाला आजीचा आधार आहेच, संशोधनाचाही आहे. फिलिपिन्समध्ये सौम्य व मध्यम इसब असलेल्या 117 मुलांवर आठ आठवडे झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. चट्टे ओठांभोवती असतील तर मूल सतत जिभेने ओठ चाटते का हे पाहावे. लाळेने तिथली त्वचा अधिक कोरडी होते. पावडर लावून चट्टे झाकू नयेत.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानातला तेलाचा भाग या मुलांना मानवतो. उटण्याचे तसे नाही. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल, मुलतानी माती हे सारे मिश्रण तेल शोषून घेण्यासाठीच असते. चट्टे निघून जावेत म्हणून गालावर उटणे खसाखसा चोळले तर दोन दिवसांत लाली आणि आग होते. डाळीचे पीठ, दगड, खरखरीत पंचा यांनी घासणेही तसेच. लिंबाचा रस लावून मूल उन्हात गेले तर रसातील द्रव्ये आणि ऊन मिळून त्वचा भाजते आणि काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. बावचीच्या तेलाचा धोका त्याहून मोठा. बावचीत सोरॅलेन असते. कोडावर ते वैद्यकीय देखरेखीखाली, मोजून दिलेल्या प्रकाशासोबत वापरले जाते. घरच्या घरी गालावर लावून अंगणात बसवलेल्या मुलाला त्याने फोड येतात.

उन्हापासून जपले की चट्टे कमी उठून दिसतात. टोपी सर्वांत स्वस्त उपाय. किमान 30 एसपीएफचे सनस्क्रीन परवडत असेल तर तेही. चट्टे लाल आणि खाजणारे असतील तर डॉक्टर काही दिवस एक टक्का हायड्रोकॉर्टिझोनसारखे सौम्य स्टेरॉइड देतात, किंवा दोन वर्षांवरच्या मुलांना टॅक्रोलिमस अथवा पिमेक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम. फक्त रंगाचा फरक उरला असेल तर स्टेरॉइडचा उपयोग नाही. खरखरीतपणा काही आठवड्यांत जातो. रंग भरायला काही महिने लागतात आणि ती वाट पाहणे हाच उपचाराचा कठीण भाग असतो.

ती वाट पाहवत नाही तेव्हा पावले मेडिकलकडे वळतात. काउंटरवर आई मुलाची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवते. पलीकडचा मुलगा वाकून पाहतो आणि मागच्या खणातून पंधरा ग्रॅमची ट्यूब काढतो. तिच्यात बहुधा तीन औषधे एकत्र असतात: बुरशीवरचे, जिवाणूंवरचे आणि क्लोबेटासॉल किंवा बीटामेथॅसोन यांसारखे तीव्र स्टेरॉइड. ‘दिवसातून दोनदा लावा’ एवढीच सूचना. चार दिवसांत कोंडा नाहीसा होतो, गाल मऊ होतो, ट्यूब घरात मान्य होते. मग ती बाबांच्या गजकर्णाला लागते, ताईच्या मुरमांना लागते, शेजारी उसनी जाते.

मुलाच्या गालावर ती आठवड्यांमागून आठवडे लागत राहिली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, पुरळ येते. लावणे थांबवले की चेहरा लालबुंद होऊन आग होते आणि पुन्हा तीच ट्यूब लावावीशी वाटते. सर्वांत वाईट हे की तीव्र स्टेरॉइड स्वतःच त्वचेचा रंग फिका करते. ज्या फिक्या चट्ट्यासाठी ट्यूब आणली तो चट्टा तिच्यामुळे अधिक फिका होतो. चट्टा मुळात गजकर्ण असेल तर स्टेरॉइडने त्याची कडा मोडते, खाज दबते आणि बुरशी आत निवांत वाढते. गेल्या दशकभरात भारतात गजकर्ण औषधांना दाद देईनासे झाले आहे, त्यात अशा मिश्र मलमांचा मोठा वाटा मानला जातो.

भारतातल्या बारा त्वचारोग केंद्रांनी मिळून केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरेतर कुणीतरी सुचवले होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरीच वर्षे पाठपुरावा केल्यावर मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडयुक्त मलमांची सूट काढून ती ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम झाला, पण काउंटरवरचे दृश्य फारसे बदललेले नाही.

गालावरच्या या चट्ट्यांनी मुलाचे जितके नुकसान होते त्यापेक्षा त्यांच्यावरच्या उपायांनी अधिक होते. तरी पुढील खुणा दिसल्या तर वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे: डाग पूर्ण पांढरा आणि रेखीव असेल, त्यातले केस पांढरे झाले असतील, चट्टा बधिर असेल, कडा उंच आणि खाजरी असेल, चट्टे अंगभर झपाट्याने पसरत असतील, किंवा घरात कुणाला कुष्ठरोग झालेला असेल. आणि दवाखान्यात जाताना आधी लावलेली ट्यूब, तेल किंवा चूर्ण, रिकामे झाले असले तरी, पिशवीत टाकून न्यावे. काय लावले होते हे कळल्याशिवाय समोरचा चट्टा मूळचा किती आणि ट्यूबचा किती, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.